वय, पिढी आणि काळ : मानवी विकासाच्या संशोधनपद्धतीचा एक इतिहास

१

माणसाचे वय वाढते तेव्हा त्याच्या बुद्धीचे काय होते, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे उत्तर कोणत्या मार्गाने शोधावयाचे, हा प्रश्न मात्र त्या मानाने नवा आहे. पंचवीस वर्षांचा तरुण आणि सत्तर वर्षांचा वृद्ध ह्यांना एकाच दिवशी एकच कसोटी दिली, आणि वृद्धास कमी गुण मिळाले, तर त्या उणिवेचे कारण काय समजावयाचे? वृद्धाची बुद्धी वयोमानाने क्षीण झाली, असे एक उत्तर संभवते. दोघे भिन्न पिढ्यांत जन्मले, भिन्न शाळांत शिकले, किंबहुना एकास शाळाच लाभली नाही, असे दुसरे उत्तर संभवते. ज्या काळात ही परीक्षा घेतली त्या काळातील परिस्थिती एकास अनुकूल व दुसऱ्यास प्रतिकूल होती, असे तिसरेही उत्तर देता येईल. ही तिन्ही उत्तरे एकाच आकड्यातून निघतात. त्यांतील खरे कोणते हे तो आकडा सांगत नाही.

आजीवन विकासाच्या मानसशास्त्राचा इतिहास सामान्यतः सिद्धान्तांच्या क्रमाने सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो पद्धतीच्या अंगाने मांडण्याचा प्रयत्न केला आहे. कारण वृद्धत्व म्हणजे ऱ्हास, ही समजूत ह्या शास्त्रात काही दशके प्रमाण मानली गेली ती एखाद्या सिद्धान्ताच्या बळावर नव्हे, तर एका पद्धतीच्या बळावर. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ह्या इतिहासात विशेष रस वाटावा ह्याचेही कारण आहे. हीच अडचण त्याच्या स्वतःच्या शास्त्रातही उपस्थित झाली होती. तिचा विचार पुढे यथास्थळी येईल.

२

जन्मापासून मृत्यूपर्यंतचे संपूर्ण आयुष्य हा एकाच शास्त्राचा विषय होऊ शकतो, ही कल्पना अठराव्या शतकातील आहे. जर्मन तत्त्वज्ञ योहान निकोलाउस टेटेन्स ह्याने १७७७ मध्ये मानवी स्वभाव व त्याचा विकास ह्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात बालपणाबरोबरच प्रौढत्व व वार्धक्य ह्यांचाही विचार केला. विकास बालपणी संपतो असे त्याने मानले नाही. तथापि टेटेन्सजवळ निरीक्षणाची साधने नव्हती. त्याचे विवेचन चिंतनाच्या पातळीवर राहिले.

मापनाची दृष्टी आणली ती बेल्जियममधील ज्योतिर्विद व संख्याशास्त्रज्ञ आडोल्फ केतले ह्याने. १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने उंची, वजन, शारीरिक बळ, गुन्हेगारी, इतकेच नव्हे तर नाटककारांची नाट्यनिर्मितीही वयानुसार मांडून पाहिली. निरनिराळ्या वयांची मापने शेजारी ठेवताना त्या त्या काळातील विशेष घटनांचा परिणाम लक्षात घ्यावा लागतो, ही जाणीव केतलेला होती. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ती बाजूस पडून राहिली.

ह्याच्या समांतर एक निराळी परंपरा वाढत होती. ती होती रोजनिशीची. डीट्रिख टीडेमान ह्याने १७८१ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची निरीक्षणे १७८७ मध्ये प्रसिद्ध केली. चार्ल्स डार्विनने आपला थोरला मुलगा विल्यम ह्याच्याविषयी १८३९ च्या अखेरीपासून टिपणे ठेवली होती. ती त्याने १८७७ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनंतर, 'माइंड' ह्या नियतकालिकात छापली. त्यास निमित्त झाले ते इपोलित तेन ह्याचा बालकाच्या भाषाग्रहणाविषयीचा लेख त्याच नियतकालिकात आल्याचे. मुलाच्या भाषेच्या निरीक्षणाने डार्विनसारख्या शास्त्रज्ञास आपली जुनी वही उघडावयास लावली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८८२ मध्ये विल्हेल्म प्रायर ह्याने आपल्या मुलाच्या पहिल्या तीन वर्षांचा वृत्तान्त ग्रंथरूपाने दिला, आणि निरीक्षण नियमित वेळी, ताबडतोब नोंदवून, इतरांच्या निरीक्षणांशी ताडून पाहावे असे दंडक घातले. क्लारा व विल्यम स्टर्न ह्या दाम्पत्याने आपल्या तिन्ही मुलांच्या रोजनिश्या सुमारे अठरा वर्षे ठेवल्या. १९०७ मधील त्यांचा बालभाषेवरील ग्रंथ त्यांवरच उभा आहे.

रोजनिशीचा गुण हा की तीत एकच जीव काळाच्या प्रवाहात पाहिला जातो. बदल हा अनुमानाने न कळता प्रत्यक्ष दिसतो. तिचा दोष तितकाच उघड आहे. निरीक्षक हा पिता वा माता, निरीक्षणविषय एक किंवा दोन-तीन मुले, आणि घर सुशिक्षिताचे. अशा एका घरातील मुलावरून सर्व मुलांविषयी किती बोलावे?

३

ह्या प्रश्नाचे उत्तर संख्येने देण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. जी. स्टॅन्ली हॉल ह्याने प्रश्नावलीची पद्धती रूढ केली. शाळेत प्रवेश करणाऱ्या मुलांच्या मनात कोणत्या कल्पना असतात ह्याविषयीचा त्याचा लेख १८८३ चा आहे. कौमारावस्थेवरील त्याचा द्विखंडात्मक ग्रंथ १९०४ मध्ये निघाला, आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराच्या सुमारास, १९२२ मध्ये, त्याने वार्धक्यावरही ग्रंथ लिहिला. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमों ह्यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली व १९०८ मध्ये ती वयानुसार लावली. अमुक वयाचे बहुसंख्य मूल अमुक प्रश्न सोडवते, ह्या साध्या कल्पनेने मापनाचा पाया घातला गेला.

येथे पद्धतीतील एक मोठे स्थित्यंतर घडले, आणि ते घडत असताना फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. रोजनिशीत पाच वर्षांचे मूल व सहा वर्षांचे मूल ही एकच व्यक्ती होती. श्रेणीत ती दोन भिन्न व्यक्ती झाली. भिन्न वयांच्या भिन्न माणसांना एकाच वेळी मोजावयाचे, आणि त्यांच्यामधील फरक हा एकाच माणसात कालांतराने घडून येणारा बदल समजावयाचा, ही ह्या पद्धतीची रीत. तिला आपण एककालिक पद्धती म्हणू. पाच व सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हे गृहीतक बहुधा निभावून जाते. त्यांच्या जन्मांत अंतर एकाच वर्षाचे असते. परंतु वीस व साठ वर्षांच्या माणसांच्या जन्मांत चाळीस वर्षांचे अंतर असते, आणि चाळीस वर्षांत जग बदलते.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यभरतीसाठी तयार केलेली 'आल्फा' ही लेखी कसोटी लक्षावधी लोकांना देण्यात आली. तिच्या निष्कर्षांत वाढत्या वयाबरोबर गुण घटलेले दिसले. १९३३ मध्ये हॅरल्ड जोन्स व हर्बर्ट कॉनराड ह्यांनी न्यू इंग्लंडमधील खेड्यांतील दहा ते साठ वर्षे वयाच्या १,१९१ व्यक्तींना हीच कसोटी देऊन आलेख मांडला : विशीच्या सुमारास शिखर, आणि तेथून सावकाश उतार. १९३९ मध्ये डेव्हिड वेक्स्लरने प्रौढांसाठी जी बुद्धिकसोटी प्रसिद्ध केली तिच्यातही हाच उतार आढळला. तीन वेगवेगळी संशोधने एकच उत्तर देत होती. ते शंकास्पद मानण्याचे कारण तरी कोणते? कारण एवढेच, की तिन्हींची पद्धती एकच होती. जोन्स व कॉनराड ह्यांच्या पाहणीतील साठ वर्षांचा मनुष्य एकोणिसाव्या शतकात जन्मला होता. वीस वर्षांचा तरुण विसाव्या शतकातील शाळांत वाढला होता. लेखी, वेळेच्या बंधनात सोडवावयाच्या, शाळेच्या वळणाच्या कसोटीने दोघांची तुलना केली जात होती. सामाजिक परिवर्तन हा आयुर्मानाच्या मानसशास्त्रीय अभ्यासात उपेक्षिला गेलेला घटक आहे, असे रेमंड क्यूलन ह्याने १९४० मध्ये स्पष्टपणे लिहिले. त्याकडे त्या वेळी फारसे लक्ष दिले गेले नाही.

४

दुसरी पद्धती म्हणजे त्याच माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे. तिला अनुवर्ती पद्धती म्हणता येईल. १९२० च्या दशकात तिचा संघटित आरंभ झाला. लुइस टर्मनने १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील दीड हजारांहून अधिक बुद्धिमान मुलांची निवड केली. बर्कली येथे १९२८ मध्ये दोन पाहण्या सुरू झाल्या. त्यांपैकी एक नॅन्सी बेली हिने चालविली. ओकलंड येथे शालेय मुलांची पाहणी १९३१–३२ मध्ये सुरू झाली. ही कामे सुरू करणाऱ्यांचे लक्ष बालपणाकडे होते. परंतु मुले मोठी झाली, आणि पाहणीही त्यांच्याबरोबर प्रौढ झाली.

अनपेक्षित पुरावा येऊ लागला तो १९५० नंतर. विल्यम ओवेन्स ह्याने आयोवा येथील महाविद्यालयात १९१९ मध्ये प्रवेश घेताना 'आल्फा' कसोटी दिलेल्या १२७ पुरुषांचा शोध घेऊन १९५० मध्ये त्यांना तीच कसोटी पुन्हा दिली. एककालिक आलेखाप्रमाणे पन्नाशीच्या ह्या गृहस्थांचे गुण घटावयास हवे होते. एकंदरीत ते वाढले होते. १९५५ मध्ये बेली व मेलिटा ओडेन ह्यांनी टर्मनच्या गटातील प्रौढांविषयी असाच निष्कर्ष दिला. कसोटीच्या जातीत फरक नव्हता. फरक होता तो केवळ पाहण्याच्या पद्धतीत. एका पद्धतीत जो उतार दिसत होता तो दुसरीत चढ होऊन दिसू लागला.

तेव्हा अनुवर्ती पद्धती खरी व एककालिक खोटी, असा निवाडा करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो टाळला पाहिजे. पाठपुराव्यात माणसे गळतात, आणि ती सारख्या प्रमाणात गळत नाहीत. आजारी, दरिद्री, स्थलांतरित आधी गळतात, आणि उरलेला गट दर खेपेस अधिकाधिक निवडक होत जातो. तीच कसोटी पुनःपुन्हा दिल्याने सरावाचा लाभ मिळतो. शिवाय ओवेन्सचे पुरुष महाविद्यालयीन होते आणि टर्मनची मुले निवडक बुद्धिमान होती. सर्वसाधारण माणसाचे ते प्रतिनिधी नव्हेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका जन्मसमूहाचा पाठपुरावा केला तरी तो एकाच पिढीचा इतिहास राहतो. त्या पिढीत जे घडले ते वयामुळे की तिच्या वाट्याला आलेल्या काळामुळे, हे त्यातून कळत नाही. म्हणजे एका पद्धतीत वय व पिढी ह्यांची गल्लत होते, तर दुसरीत वय व काळ ह्यांची.

५

ही गाठ सोडविण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न के. वॉर्नर शाय ह्याचा. १९५६ मध्ये सिअ‍ॅटल येथे आपल्या प्रबंधासाठी त्याने विशीपासून सत्तरीपर्यंतच्या ५०० व्यक्तींची परीक्षा घेतली. ही साधी एककालिक पाहणी होती. १९६३ मध्ये त्याने त्यांपैकी मिळतील त्यांना पुन्हा तपासले. ३०३ जण मिळाले. त्याच वेळी त्याच लोकसमूहातून नव्या व्यक्तींचा दुसरा गटही घेतला. पुढे दर सात वर्षांनी हीच रीत चालू राहिली : जुन्यांना पुन्हा तपासावयाचे आणि नवे गट जोडावयाचे. त्यामुळे एकाच वयाची पण भिन्न जन्मवर्षांची, आणि एकाच जन्मवर्षाची पण भिन्न वयांची माणसे शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले. नवे गट प्रथमच कसोटी देत असल्यामुळे सरावाचा परिणामही वेगळा काढता येऊ लागला.

ह्या कामातून निघालेले चित्र पूर्वीच्या दोन्ही चित्रांहून निराळे होते. बहुतेक बौद्धिक क्षमता साठीच्या आसपासपर्यंत बऱ्याच अंशी टिकून राहतात. गतीवर अवलंबून असलेल्या क्षमता त्याआधीच मंदावतात. आणि एककालिक आलेखातील उताराचा मोठा भाग पिढ्यांमधील फरकाचा असतो. पिढ्यांमधील हा फरकही एकाच दिशेचा नाही. तर्कक्षमतेत नंतरच्या पिढ्या सरस ठरल्या, तर अंकगणिती कौशल्यात १९२० च्या दशकाच्या आसपास जन्मलेले पुढे असून त्यांच्या नंतरचे मागे पडलेले दिसले.

१९६५ मध्ये शायने ह्या पद्धतीची तात्त्विक मांडणी केली, आणि वय, जन्मसमूह व मापनाचा काळ हे तीन घटक वेगळे काढता येतील असा दावा केला. पॉल बाल्टेस ह्याने १९६८ मध्ये त्यावर आक्षेप घेतला, आणि तो आक्षेप मूलगामी आहे. मापनाच्या वर्षातून जन्मवर्ष वजा केले की वय मिळते. तिघांपैकी कोणतेही दोन ठरले की तिसरे आपोआप ठरते. त्यास स्वातंत्र्यच उरत नाही. म्हणून केवळ आकडेमोडीने तिघांचे परिणाम वेगळे करणे अशक्य आहे. कोणता घटक गौण मानावयाचा हे संशोधकाने बाहेरील ज्ञानाच्या, म्हणजे इतिहासाच्या व समाजस्थितीच्या आधारे ठरवावे लागते. ही अडचण आजही सुटलेली नाही, व स्वरूपतःच ती गणिताने सुटणारी नाही. वादही संपलेला नाही. जॉन हॉर्न व गॅरी डोनल्डसन ह्यांनी १९७६ मध्ये ऱ्हास नाकारण्याच्या भूमिकेवर आक्षेप घेतला, आणि टिमथी सॉल्टहाउसने २००९ मध्ये सरावाचा परिणाम कमी लेखला जात आहे, असे प्रतिपादन केले. सॉल्टहाउसच्या मते काही क्षमतांची घट तारुण्यातच सुरू होते.

६

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा सर्व वाद ओळखीचा वाटेल. १९०५ मध्ये लुई गोशा ह्याने स्वित्झर्लंडमधील शार्मे ह्या गावच्या बोलीवर आपला निबंध प्रसिद्ध केला. एकाच गावातील तीन पिढ्यांच्या उच्चारांत त्यास फरक आढळले. वृद्धांचा उच्चार जुना, तरुणांचा नवा. म्हणजे बोली बदलत आहे, असे अनुमान त्यावरून निघते. परंतु तरुण माणसे वय वाढल्यावर वृद्धांप्रमाणे बोलू लागत नसतील कशावरून? तसे असेल तर बोली स्थिरच आहे, माणसे मात्र वयोमानानुसार उच्चार पालटतात. हा संशय फेडण्यास एकच मार्ग होता, आणि तो एडुआर्ड हेर्मान ह्याने पत्करला. तो त्या गावी पुन्हा गेला. त्याचा वृत्तान्त १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही बदल खरोखरच पुढे गेले होते. एका बाबतीत मात्र पूर्वीचीच दोलायमान स्थिती कायम होती. म्हणजे दोन्ही शक्यता एकाच गावात, एकाच वेळी खऱ्या होत्या.

विल्यम लबॉव्हने १९६३ पासून हीच अनुमानरीती पुढे चालविली, आणि प्रौढाची उच्चारपद्धती बव्हंशी स्थिर राहते ह्या गृहीतकावर ती उभारली. येथे मानसशास्त्र व भाषाशास्त्र ह्यांची गृहीतके परस्परविरुद्ध होती, ही लक्षणीय गोष्ट आहे. वयांमधील फरक दिसला की मानसशास्त्रज्ञ तो व्यक्तीतील बदल समजे आणि समाज स्थिर मानी. भाषाशास्त्रज्ञ तो समाजातील बदल समजे आणि व्यक्ती स्थिर मानी. एकाच स्वरूपाच्या पुराव्यावरून दोन शास्त्रे उलट निष्कर्ष काढीत होती. मॉन्ट्रियल येथील फ्रेंच भाषकांच्या पाठपुराव्यात जिलियन सँकॉफ व एलेन ब्लोन्डो ह्यांनी २००७ मध्ये दाखविले की बहुसंख्य प्रौढ स्थिर राहतात, परंतु काही जण प्रौढ वयातही समाजातील नव्या उच्चाराकडे वळतात. दोन्ही शास्त्रांची गृहीतके ह्याप्रमाणे अर्धवट खरी ठरली.

मराठीच्या संदर्भात अ. मा. घाटगे ह्यांच्या संपादनाखाली १९६३ पासून प्रसिद्ध झालेल्या बोलींच्या पाहणीचे महत्त्व ह्या दृष्टीने वाढते. ते पहिले निरीक्षण होय. त्याच गावांत पुन्हा जाऊन केलेले दुसरे निरीक्षण त्यास जोडले गेले, तरच वृद्धांच्या तोंडची रूपे जुन्या मराठीची की वृद्धत्वाची, हे निश्चयाने सांगता येईल.

७

पद्धतीतील ह्या मंथनाने सिद्धान्तांचे रूपही पालटले. शार्लोटे ब्यूलर हिने व्हिएन्ना येथे १९३३ मध्ये चरित्रांच्या आधारे संपूर्ण जीवनक्रमाची मांडणी केली होती. एरिक एरिक्सनने १९५० मध्ये जन्मापासून वार्धक्यापर्यंत आठ अवस्था कल्पिल्या, आणि प्रत्येक अवस्थेस तिचा असा संघर्ष नेमून दिला. १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणीसंपातील गांधीजींच्या भूमिकेवर त्याने १९६९ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात प्रौढ वयातील विकासाचीच मीमांसा आहे. ह्या सिद्धान्तांनी आयुष्याचा उत्तरार्ध विकासाच्या कक्षेत आणला, हे त्यांचे श्रेय. मात्र अवस्थांचा क्रम सर्व काळी सारखाच असतो, हे त्यांनी गृहीत धरले.

त्या गृहीतकास इतिहासाचा छेद दिला ग्लेन एल्डरने. ओकलंडच्या पाहणीतील १९२०–२१ मध्ये जन्मलेल्या मुलांवर आर्थिक महामंदीचा काय परिणाम झाला, हे त्याने १९७४ मधील ग्रंथात मांडले. पुढे बर्कलीतील १९२८–२९ मध्ये जन्मलेल्या मुलांशी त्याने तुलना केली. आपत्ती एकच, परंतु किशोरवयात ती सोसणाऱ्यांनी घरास हातभार लावला आणि ते सावरले, तर तीच आपत्ती बालवयात आलेल्या मुलग्यांवर तिचा आघात अधिक झाला. घटना कोणती ह्याबरोबरच ती कोणत्या वयात गाठते, हेही निर्णायक असते. बाल्टेसने १९८७ मध्ये आपली तत्त्वे एकत्र मांडली तेव्हा हे सर्व त्यात सामावले : विकास आजन्म चालतो, तो बहुदिश असतो, प्रत्येक टप्प्यावर लाभ व हानी दोन्ही असतात, आणि तो इतिहासाने बद्ध असतो.

८

आपल्या देशात ह्या प्रश्नास निव्वळ तात्त्विक महत्त्व नाही. १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत ते सुमारे ७४ टक्के झाले. पिढ्यांमधील एवढी तफावत असलेल्या समाजात एककालिक मापनाने वृद्धांची बुद्धी तोलणे म्हणजे शाळेचा अभाव बुद्धीच्या खाती नोंदविणे होय. ह्याची किंमत प्रत्यक्ष माणसास मोजावी लागते. लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्धेस लेखनवाचनावर आधारलेली स्मृतिभ्रंशाची कसोटी दिली, तर निरोगी असूनही ती रुग्ण ठरण्याचा संभव असतो. ग्रामीण हरियाणातील वृद्धांसाठी अशी एक प्रचलित कसोटी हिंदीत रूपांतरित करताना संशोधकांना ती साक्षरतेच्या अटीपासून मुक्त करून घ्यावी लागली. ते रूपांतर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचा केवळ शब्दशः अनुवाद पुरेसा ठरला नसता. कसोटी घडविताना भाषेचा अभ्यासक हवा तो ह्याच ठिकाणी.

अनुवर्ती संशोधनाचा पायाही आपल्याकडे घातला गेला आहे. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषणाच्या पाहणीत मातांच्या गर्भारपणापासून त्यांच्या मुलांचा प्रौढत्वापर्यंत पाठपुरावा झाला. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेने वृद्धत्वाच्या राष्ट्रीय अनुवर्ती पाहणीची पहिली फेरी २०१७–१८ मध्ये पार पाडली. तीत ४५ वर्षे व त्यांवरील वयाच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून सुमारे ७२ हजार लोकांचा समावेश होता. परंतु एकच फेरी ही कितीही मोठी असली तरी एककालिकच असते. अनुवर्ती हे विशेषण तिला पुढील फेऱ्यांनीच सार्थ होते. आणि त्यास संशोधकाच्या स्वतःच्या कार्यकालाहून दीर्घ असे संस्थेचे आयुष्य लागते.

पदव्युत्तर विद्यार्थ्याने ह्या इतिहासातून घ्यावयाचा बोध मर्यादित पण निश्चित आहे. दोन वर्षांच्या प्रबंधात सात वर्षांचा पाठपुरावा होणार नाही. एककालिक पद्धती त्यास स्वीकारावीच लागेल, आणि त्यात काही वावगे नाही. मात्र वयोगटांच्या सरासऱ्या मांडल्यावर 'वयाबरोबर अमुक घटते' असे वाक्य लिहिण्यापूर्वी, ज्यांचे मापन झाले त्यांची जन्मवर्षे, त्यांचे शिक्षण आणि मापनाचे वर्ष ही तिन्ही त्याने नोंदविली पाहिजेत. तेवढी नोंद असली, तर तीस वर्षांनी दुसरा कोणी त्याच गावी जाऊन तीच कसोटी पुन्हा देऊ शकेल, आणि आज जे केवळ अनुमान आहे त्यास तेव्हा पुराव्याचे मोल येईल.